बॉर्डर राउटर रीस्टार्ट झाला की गट-संदेश गायब! कुणी पाहिलंय का हे?

मीटरपंत
मंडळी, एक कोडं आहे. बरेच दिवस सुटत नाहीये म्हणून इथे टाकतोय.

आमचं जाळं असं: नऊशेच्या आसपास वीजमीटर, त्याच मेशमध्ये (एकमेकांचे संदेश पुढे देणाऱ्या रेडिओ जाळ्यात) काही पथदिव्यांचे कंट्रोलर आणि फीडरवरचे (वीजवाहिनीवरचे) फॉल्ट इंडिकेटर, आणि या सगळ्यांना मिळून एक बॉर्डर राउटर (जाळ्याला बाहेरच्या यंत्रणेशी जोडणारा). वाय-सन फॅन प्रकार (असल्या जाळ्यांचं एक मानक), वेग ५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), फ्रीक्वेन्सी हॉपिंग (चॅनेल सतत बदलत राहणं) चालू. राउटिंग आरपीएल (संदेशांचे रस्ते ठरवणारा प्रोटोकॉल), नॉन-स्टोअरिंग (सगळा नकाशा फक्त राउटरकडे). वेळ जुळवणे, दिवे लावणे-विझवणे, दरपत्रक बदलणे असले सगळ्यांना एकदम द्यायचे संदेश एमपीएल या प्रोटोकॉलने (ऐकलेलं पुढे सांगत) जातात. एमपीएलचे कंट्रोल मेसेज बंद ठेवलेत, फक्त प्रोअ‍ॅक्टिव्ह फॉरवर्डिंग (मागणीची वाट न पाहता संदेश पुढे पाठवणं).

लक्षण: बॉर्डर राउटर कुठल्याही कारणाने रीस्टार्ट झाला की त्यापुढचे गट-संदेश कधी सगळ्यांना नीट जातात, तर कधी जवळजवळ कुणालाच जात नाहीत. अधलंमधलं काही नाही. जात नसतात तेव्हाही एखाद्या मीटरला युनिकास्टने (त्या एकट्याला उद्देशून) विचारलं तर तो लगेच उत्तर देतो. पिंग स्वच्छ. म्हणजे जोडणी शाबूत आहे. आणि मग अर्ध्या तासाच्या आत, कुणी हात न लावता, गाडी रुळावर.

विक्रेता म्हणतो "रेडिओ वातावरण तपासा". तपासलं, ठीक आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाकावर हा प्रकार एकदाही घडत नाही, हे आणखी वर.

सिग्नलबहाद्दर
ब्रॉडकास्टचं वेळापत्रक चुकत असणार. या जाळ्यात युनिकास्ट ऐकण्यासाठी प्रत्येक मीटर स्वतःच्या चॅनेल-क्रमाने उड्या मारतो आणि पाठवणारा त्याच्या क्रमाप्रमाणे त्याला गाठतो. ब्रॉडकास्टचा क्रम मात्र अख्ख्या पॅनसाठी (एका राउटरच्या जाळ्यासाठी) एकच, तोही बॉर्डर राउटरने ठरवलेला. राउटर उठला, क्रम नव्याने सुरू झाला, मीटर अजून जुन्याच तालावर ऐकतायत. एक बोलतोय एका चॅनेलवर, ऐकणारे दुसऱ्याच. युनिकास्ट चालतं आणि ब्रॉडकास्ट नाही, याचा अर्थ अगदी सरळ आहे.

मीटरपंत
माझाही पहिला संशय हाच होता. पण स्निफर (हवेतले संदेश टिपणारं यंत्र) राउटरच्या शेजारच्या मीटरपाशी लावला. फ्रेम त्या मीटरला मिळते, लिंक लेयरवर (रेडिओच्या लगतच्या थरावर) उलगडते, वरच्या थराला दिलीही जाते. पुढे मात्र जात नाही. मीटरच्या डीबग लॉगमध्ये फक्त "वगळले" एवढंच येतं, कारण छापायची तसदी कुणी घेतलेली नाही.

शिवाय वेळापत्रक चुकलं असतं तर मीटरने ते शेजाऱ्यांकडून काही मिनिटांत उचललं असतं. आणि मग दरवेळी बिघाड व्हायला हवा होता, कधी हो कधी नाही असं का?

आठबिट
तीन प्रश्न. उत्तरं मिळाली तर बहुतेक उलगडेल.

रीस्टार्टच्या आधी राउटरने पाठवलेल्या शेवटच्या एमपीएल संदेशाचा अनुक्रमांक काय होता, आणि रीस्टार्टनंतरच्या पहिल्याचा काय? बिघाडाच्या काळात ज्या मोजक्या मीटरना संदेश मिळतात, त्यांची वीज नुकतीच जाऊन आलेली असते का? आणि प्रयोगशाळेत तुम्ही फक्त राउटर बंद करता, की बाकाचा मुख्य स्विच?

मीटरपंत
तिसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो: मुख्य स्विच. :)

दुसरं, हो! राउटरच्या अगदी जवळच्या एका फीडरची वीज गेली होती, त्यावरच्या मीटरना नंतर संदेश मिळत होते. आम्ही तो योगायोग समजत होतो. पहिल्यासाठी स्निफरच्या नोंदी काढतो.

(थोड्या वेळाने) काढल्या. रीस्टार्टनंतर क्रमांक दरवेळी ० पासून. आधीचा शेवटचा: बिघाडाच्या वेळांना ६०, ११२, ३७. सुरळीत गेलं त्या वेळांना २०१ आणि १६४.

आठबिट
मग सापडलं. रेडिओचा काही संबंध नाही.

एमपीएलमध्ये (आरएफसी, म्हणजे इंटरनेट मानकांचा दस्तऐवज, क्र. ७७३१, २०१६) प्रत्येक गट-संदेशावर दोन खुणा असतात: तो कुणी सोडला तो सीड आयडी, आणि ८ बिटांचा अनुक्रमांक. प्रत्येक फॉरवर्डर प्रत्येक सीडसाठी एक नोंद ठेवतो की या क्रमांकाच्या मागचं सगळं माझ्या दृष्टीने जुनं. संदेश आला, क्रमांक त्या रेषेच्या मागे असला, की टाकून द्यायचा. हे नसेल तर एकच संदेश मेशमध्ये गोल गोल फिरत राहील.

आता ८ बिट म्हणजे ० ते २५५, मग पुन्हा ०. त्यामुळे "मोठा म्हणजे नवा" ही साधी तुलना चालत नाही, वर्तुळावर मोजावं लागतं. नवीन क्रमांकातून जुना वजा करा, २५६ ने भागून बाकी घ्या. बाकी १२८ च्या आत असेल तर संदेश नवा, पलीकडे गेली तर जुना. तुमचे आकडे घाला. शेवटचा ६०, आता ०: बाकी १९६, म्हणजे जुना, टाकला. ११२ ला १४४ आणि ३७ ला २१९, तेही टाकले. २०१ नंतर ० ला बाकी ५५, म्हणजे नवा, घेतला. १६४ ला ९२, घेतला. पाचही नोंदी जुळतात.

अर्धा तास कुठून आला? सीडची नोंद किती वेळ जपायची याचं प्रमाणित मूल्य ३० मिनिटं आहे. तेवढ्या वेळात त्या सीडकडून स्वीकारण्याजोगं काही आलं नाही की नोंद पुसली जाते, मीटर कोरा होतो, आणि मग ० क्रमांकही आनंदाने घेतो. ही ३० मिनिटं शेवटच्या स्वीकारलेल्या संदेशापासून मोजायची, रीस्टार्टपासून नाही. शेवटचा संदेश रीस्टार्टच्या २० मिनिटं आधी गेला असेल तर १० मिनिटांतच सगळं आपोआप ठीक होईल. तुम्ही "अर्ध्या तासाच्या आत" लिहिलंय ते म्हणूनच.

वीज गेलेले मीटर कोरेच उठतात, म्हणून त्यांना मिळतं. बाकावर मुख्य स्विच बंद केला की सगळेच कोरे उठतात, म्हणून तिथे कधीच दिसत नाही.

सिग्नलबहाद्दर
मान गये. माझा प्रतिसाद प्रकाटाआ (काढून टाकलेला) समजा. पण इतकं ढोबळ काम? राउटरने अनुक्रमांक फ्लॅशमध्ये जपायला नको?

आठबिट
जपायला हवाच. पण प्रत्येक संदेशागणिक फ्लॅशवर लिहिलं तर फ्लॅश झिजते, म्हणून लोक टाळतात. मधला मार्ग सोपा आहे: दर १६ संदेशांनी एकदा लिहायचं, आणि उठल्यावर जपलेल्या क्रमांकापासून १६ पुढे उडी मारायची. जपलेला ४८ असेल तर खरा शेवटचा ६३ च्या पुढे गेलेला असू शकत नाही, म्हणून ६४ पासून सुरू. उडी १२८ पेक्षा बरीच लहान असल्यामुळे सगळ्यांना ती पुढचीच वाटते. मधले काही क्रमांक वाया गेले तर कुणाचंही बिघडत नाही.

काही ठिकाणी उठल्यावर सुरुवातीचा क्रमांक यादृच्छिक घेतात असं पाहिलंय. त्याने फक्त नाणेफेक होते: निम्म्या वेळा चालणार, निम्म्या वेळा नाही.

भाबडा_नोड
वाचनखूण साठवली. मी या क्षेत्रात नवा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. आरपीएलचं झाड आहेच ना? राउटर मुळाशी, मीटर फांद्यांवर. मग संदेश झाडावरून खाली का सोडत नाहीत? हे सगळ्यांनी सगळ्यांना ओरडून सांगायचं कशासाठी?

जालिंदर
प्रश्न बाळबोध अजिबात नाही, यावर बरेच शोधनिबंध खर्ची पडलेत.

आरपीएल (आरएफसी ६५५०, २०१२) दोन तऱ्हांनी चालतं. स्टोअरिंगमध्ये प्रत्येक नोड आपल्या खाली कोण कोण आहे ते लक्षात ठेवतो, आणि त्याचा एक मल्टिकास्टवाला (गट-संदेशांचा) प्रकारही आहे ज्यात गटांची नोंदणी झाडावरून वर जाते. नॉन-स्टोअरिंगमध्ये मधल्या नोडला खालचं काहीच माहीत नसतं. सगळा नकाशा मुळाशी, आणि खाली जाणाऱ्या पॅकेटवर अख्खा रस्ता लिहिलेला. युनिकास्टसाठी हे झकास आहे, कारण मीटरची रॅम तुटपुंजी असते. पण "अमुक गटातले सगळे" असा रस्ता पॅकेटवर लिहिता येत नाही. म्हणून पूर द्यावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाने पुढे सांगायचं.

मधला एक पर्याय आहे, एसएमआरएफ. नियम एवढाच: गट-संदेश माझ्या पसंतीच्या पालकाकडून आला तरच घ्यायचा आणि पुढे द्यायचा, बाकीच्यांकडून आला तर टाकून द्यायचा. अनुक्रमांक नको, नोंद नको. मीटरपंतांचं आजचं दुखणं त्यात उद्भवलंच नसतं. पण ब्रॉडकास्टला पोच नसते. पालकाची ती एक फ्रेम हुकली की शेजारचे चार जण तोच संदेश सांगत असले तरी तुम्ही कान बंद करून बसलेले. आणि तुमच्या खालची सगळी फांदी तुमच्याबरोबर उपाशी. खराब लिंक असलेल्या मेशमध्ये हे परवडत नाही.

आणि नुसता पूर दिला तर काय होतं, ते १९९९ मध्येच मोजून झालंय. त्या वर्षी "ब्रॉडकास्ट वादळा"वर एक गाजलेला निबंध आला. त्यातली भूमिती अशी: एका नोडने बोललेलं दुसऱ्याने पुन्हा बोललं तर नव्याने व्यापलं जाणारं क्षेत्र जास्तीत जास्त ६१ टक्के, सरासरी ४१ टक्के. तोच संदेश तुम्ही ४ किंवा जास्त वेळा ऐकला असेल तर तुमच्या बोलण्याने सरासरी ५ टक्क्यांहूनही कमी नवं क्षेत्र व्यापलं जातं. मग कशाला बोला?

ट्रिकल अल्गोरिदम या प्रश्नाचंच उत्तर आहे. मूळ २००४ चा, सेन्सरांच्या जाळ्यात नवा कोड पसरवण्यासाठी. आरएफसी ६२०६ झाला २०११ मध्ये. एमपीएल आतून तोच वापरतं. बैठकीत एखादी बातमी सांगायला तोंड उघडणार तोच दोघातिघांनी ती सांगून टाकली तर शहाणा माणूस गप्प बसतो, तसं. नोड एक कालखंड घेतो, त्याच्या उत्तरार्धात एक यादृच्छिक क्षण निवडतो, तोवर तोच संदेश किती वेळा ऐकू आला ते मोजतो. मोजणी के या मर्यादेला पोचली तर गप्प, नाही तर बोलतो. एमपीएलमध्ये असे काही खंड झाले की तो संदेश सांगणं थांबवतो. एमपीएलची प्रमाणित मूल्यं: के बरोबर १, खंड ३, आणि खंडाची लांबी लिंकच्या अपेक्षित विलंबाच्या १० पट.

सिग्नलबहाद्दर
के बरोबर १ हे मला कधीच पटलेलं नाही. एकदा ऐकलं की गप्प? ब्रॉडकास्टला पोच नाही, शेजाऱ्याला मिळालं की नाही कळायचा मार्ग नाही, आणि आपण सभ्यपणा करत बसायचं? मी के मोठा ठेवतो, सगळे बोलू देत. पॅकेट गेलं पाहिजे.

आठबिट
पूर्ण असहमत, निदान दाट जाळ्यासाठी. इमारतीच्या एका मीटरखोलीत ऐंशी मीटर आहेत. सगळे एकमेकांना ऐकतात. तुमच्या के ने ते ऐंशीच्या ऐंशी तीनदा बोलणार. ब्रॉडकास्टची खिडकी सेकंदातून पाव सेकंदाची, त्यात ५० केबीपीएसवर मोठी फ्रेम दोनदाच बसते. बाकीचे एकमेकांवर आदळणार किंवा पुढच्या खिडकीत लोटले जाणार. सगळे बोलले म्हणून जास्त पोचेल हे मृगजळ आहे.

जालिंदर
दोघंही अर्धे बरोबर. के बरोबर १ ची खरी अडचण दाट भागात नसते, दाट भागाच्या कडेला असते. मीटरखोलीतले ऐंशी, आणि त्यातला एकच असा की ज्याला पलीकडच्या गल्लीतले चार दिवे ऐकू येतात. पूल म्हणा. त्या पुलाला खोलीतलाच दुसरा कुणी आधी बोललेला ऐकू आला की तो गप्प. त्याच्या लेखी बातमी पसरली. पलीकडच्या चौघांना मात्र त्याच्याशिवाय कुणी नाही. तीन खंडांत एकदा तरी त्याचा यादृच्छिक क्षण सगळ्यांत आधी लागेल अशी आशा करायची. ऐंशी जणांत ती फार बारीक आहे.

सगळ्यांचा के वाढवणं हा त्यावर उपाय नव्हे. ज्यांच्या खाली आरपीएलमध्ये मुलं आहेत त्यांचा के वाढवा, ज्यांच्या खाली कुणी नाही त्यांना बोलायची गरजच काय? वापरातल्या प्रणाली हे करू देत असतील तर जरूर करा. नसेल तर कंट्रोल मेसेज चालू करा. त्यात प्रत्येक जण "माझ्याकडे या सीडचे अमुक क्रमांक आहेत" एवढंच अधूनमधून सांगतो, शेजाऱ्याकडे एखादा कमी दिसला की तो पुन्हा पाठवतो. पलीकडचे चार दिवे उशिरा का होईना जागे होतात. किंमत म्हणजे शांत काळातलीही थोडी बडबड, आणि हे सगळं राखायला लागणारी रॅम.

मीटरपंत
आमच्याकडे असे कायम मागे राहणारे काही दिवे आहेत खरे. आत्तापर्यंत अँटेनाला दोष देत होतो.

पथदिवा
दिव्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. गट-संदेशाने दिवे लावले की रस्ता लाटेसारखा उजळत जातो. अधिकाऱ्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय. पण हिशोब बघा: लिंकचा विलंब साधारण सेकंद धरला तर ट्रिकलचा खंड १० सेकंद, त्याच्या उत्तरार्धात बोलायचं म्हणजे एका हॉपला (एका नोडपासून पुढच्यापर्यंतच्या टप्प्याला) ५ ते १० सेकंद. आठ हॉपवरच्या दिव्याला ४० ते ८० सेकंद. दाट भागात कुणीतरी लवकरच बोलतो म्हणून आकडा ४० च्या बाजूला सरकतो, पण शून्य होत नाही.

खंड लहान करून लाट घालवायला जाऊ नका, टकरी वाढतील. आदेशातच वेळ लिहा: "१८:४५:०० ला लागा". संदेश दहा मिनिटं आधी सोडा, वाटल्यास दोनदा सोडा. एकच आदेश दोनदा मिळाला तरी दिवा एकदाच लागतो. मीटरची घड्याळं जुळलेली असतात, लाट दिसत नाही, आणि एखाद्या हॉपला उशीर झाला तरी वेळ शिल्लक असते. "उलट कर" असला आदेश मात्र गटाला कधीही देऊ नये. दोनदा पोचला की संपलं.

चौकस_चौकट
आम्ही फर्मवेअर (मीटरमधला प्रोग्रॅम) गटाने पाठवायच्या विचारात आहोत. फायदा खरोखर किती? की युनिकास्टच बरं?

पथदिवा
आकडेच मांडतो. ५१२ केबीची प्रतिमा (फर्मवेअरची फाइल), ५१२ बाइटचे तुकडे, म्हणजे १०२४ तुकडे. शीर्षकं धरून एक फ्रेम ६०० बाइट, ५० केबीपीएसवर ९६ मिलिसेकंद.

युनिकास्टने ९०० मीटरना द्यायचं तर राउटरला ९,२१,६०० फ्रेम पाठवाव्या लागतील. पोच, पुन्हा पाठवणी, पुढचे हॉप काही न धरता, फक्त पहिल्या हॉपवर २४ तासांहून जास्त सलग हवा लागते. प्रत्यक्षात आठवडे.

मल्टिकास्टने दर १५ सेकंदांना एक तुकडा सोडला तर ४ तास १६ मिनिटं. जमीन-अस्मानाचा फरक. पण एक मेख आहे: प्रत्येक नोड एका तुकड्यासाठी जास्तीत जास्त ३ वेळा बोलला, तर १५ सेकंदांत २८८ मिलिसेकंद, म्हणजे १.९२ टक्के. ज्या पट्ट्यात बोलण्याच्या वेळेवर १ टक्क्याची मर्यादा आहे (युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या काही उपपट्ट्यांत आहे) तिथे हे नियमबाह्य. के ने गप्प बसणारे सुटतात, पण विरळ भागातले सगळे तीनदा बोलणार. तिथे तुकड्यांमधलं अंतर दुप्पट करा.

आणि तुकडे हरवणारच, ते गृहीत धरा. डीएलएमएसमध्ये (मीटरशी बोलण्याचं मानक) इमेज ट्रान्सफरचा वर्ग (क्रमांक १८) याच कामाचा आहे: प्रत्येक मीटर कुठले तुकडे मिळाले याचा बिटमॅप ठेवतो. गटाने दोन फेऱ्या मारा, मग प्रत्येकाला युनिकास्टने बिटमॅप विचारा, उरलेसुरले तुकडे त्याला एकट्याला द्या.

आठबिट
यात भर. तुकड्यांमधलं अंतर १० सेकंदांवर आणायचा मोह होतो. पण मग १२८ तुकडे २१ मिनिटं २० सेकंदांत संपतात. एखादा मीटर २५ मिनिटं संपर्काबाहेर राहिला तर परतल्यावर त्याला नवे क्रमांक जुने वाटतील, ३० मिनिटांची नोंद पुसेपर्यंत. १५ सेकंदांवर १२८ तुकड्यांना ३२ मिनिटं लागतात, तोवर नोंदच गेलेली असते. मीटरपंतांचाच आजार, दुसऱ्या दाराने.

सिग्नलबहाद्दर
आणि बारा फॉल्ट इंडिकेटरना काही सांगायचं असेल तर मल्टिकास्ट अजिबात नको, बरं का. एमपीएलला गटाचे सदस्य कुठे आहेत ते कळत नाही, अख्खं डोमेन पुढे ढकलतं. बारा जणांना सरासरी चार हॉपने युनिकास्ट म्हणजे ४८ फ्रेम, अधिक पोच. त्याच कामाला पूर म्हणजे ९०० गुणिले ३, वाईटात वाईट २,७००. लोक "गट आहे म्हणून मल्टिकास्ट" करतात. गट किती मोठा, ते आधी बघा.

चौकस_चौकट
आभार, बिटमॅपची कल्पना आवडली. पण सगळ्यांना एकदमच विचारलं तर? "ज्यांचं अपुरं आहे त्यांनी कळवा" असा गट-प्रश्न?

जालिंदर
करता येतं, पण उत्तरांचा लोंढा सांभाळा. कोअ‍ॅपमध्ये (छोट्या उपकरणांसाठीचा वेबसारखा प्रोटोकॉल) गट-प्रश्नाला लगेच उत्तर न देता काही काळात यादृच्छिक क्षणी द्यायचं असतं, आणि तो काळ प्रमाणित ५ सेकंद आहे. आरएफसी ७२५२ मध्येच सूत्र दिलंय: उत्तराचा आकार गुणिले गटातली संख्या, भागिले परवडणारा वेग. त्यातलं उदाहरण १०० नोड, १०० बाइट, सेकंदाला १ किलोबाइट, म्हणून किमान १० सेकंद, तेही एका हॉपवर. तुमच्या ९०० ला तेच ९० सेकंद, आणि सगळी उत्तरं राउटरजवळच्या त्याच मोजक्या मीटरमधून जाणार, म्हणून काही पट वाढवा. ५ सेकंद तसेच ठेवले तर तुमच्या प्रश्नानेच जाळं बसेल.

भाबडा_नोड
सुरक्षेचं काय? गटाची चावी सगळ्यांकडे एकच असणार ना?

आठबिट
हो. लिंक लेयरवर जाळ्याची सामाईक चावी असते. तिने बाहेरचा माणूस थोपवला जातो. पण एक मीटर फोडून चावी काढली तर तो राउटरच्या नावाने बोलू शकतो. डीएलएमएसमध्ये ब्रॉडकास्टसाठी वेगळी चावी आहे, तीही सामाईकच. म्हणून फर्मवेअरवर डिजिटल सही हवी आणि ती प्रत्येक मीटरने स्वतः तपासायला हवी. पुरवठा तोडण्याचा आदेश तर माझ्या मते गटाने स्वीकारूच नये, सोय असली तरी.

भाबडा_नोड
आणि बॅटरीवरचे पाणीमीटर? ते तर झोपलेले असतात.

जालिंदर
ते फॉरवर्ड करत नाहीत, फक्त घेतात. वाय-सन फॅनच्या १.१ आवृत्तीत त्यांच्यासाठी मर्यादित कार्याचा नोड हा प्रकार आला. वीज असलेला पालक त्यांच्यासाठी वेगळ्या, विरळ ब्रॉडकास्ट खिडक्या ठेवतो आणि गट-संदेश त्या खिडकीत पुन्हा सांगतो. म्हणून मिश्र जाळ्यात "ठरलेल्या वेळी कर" आदेशाची आगाऊ मुदत पाणीमीटरच्या खिडकीवरून ठरवा, वीजमीटरवरून नाही.

मीटरपंत
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला नोंदींसकट वर्तुळाचा हिशोब पाठवला. "रेडिओ वातावरण" आता बंद झालंय, अनुक्रमांक जपण्याचा बदल पुढच्या आवृत्तीत देतो म्हणाले. तोवर काय करावं? नोंदीचा कालावधी ३० मिनिटांवरून ५ वर आणू का?

आठबिट
५ नको. एक संदेश एका नोडमध्ये ३ खंड म्हणजे ३० सेकंद जगतो, आठ हॉप म्हणजे ४ मिनिटं. शेवटच्या मीटरमधून तो जायच्या सुमारास पहिल्यांची नोंद पुसायला आलेली असेल. थोडा उशीर झाला की तोच संदेश कोऱ्या मीटरला नवा वाटेल आणि उलटा परत येईल. १० ते १५ ठेवलेत तर चालेल. पण तो बदल नऊशे मीटरवर करायचाय.

त्यापेक्षा राउटरच्या बाजूने करता येईल असं: रीस्टार्टनंतर शेवटचा क्रमांक नोंदीतून काढा. तो १ ते १२७ मध्ये असेल तर तो ओलांडेपर्यंत निरर्थक गट-संदेश सेकंदाला एक सोडा. पहिल्याच हॉपवर बहुतेक मीटर ते टाकून देतात, त्यामुळे जाळ्यावर भार नगण्य. नुकतेच कोरे उठलेले तेवढे पुढे ढकलतील. ६० होता तर मिनिटभरात काम झालं. १२९ किंवा त्याच्या पुढे असेल तर मात्र एकही सोडू नका. ते सगळे स्वीकारले जातील आणि प्रत्येकाचा पूर येईल.

मीटरपंत
नेमका १२८ असेल तर?

आठबिट
तिथे नवा की जुना हे ठरतच नाही, प्रत्येक कंपनीचा कोड आपापल्या परीने वागतो. अर्धा तास थांबा. :)

मीटरपंत
ठीक. स्क्रिप्ट लिहून लावली, तिन्ही शक्यता घालून. आज मुद्दाम राउटर रीस्टार्ट केला, शेवटचा क्रमांक ८१ होता. दीड मिनिटात वेळेचा संदेश सगळीकडे गेला, पुलापलीकडचे दिवे सोडून. त्यांच्यासाठी कंट्रोल मेसेज आधी एकाच फीडरवर चालू करतोय. रॅम पुरते का ते बघून इथेच लिहितो.